बदकाची सफाई: गरम पाण्यापासून बर्फाच्या पेटीपर्यंत

डिसेंबर जवळ आला की बेंगळुरूच्या मांसबाजारात बदकाची विचारणा सुरू होते. नाताळच्या जेवणात केरळी ख्रिस्ती कुटुंबांना बदक हवे असते. आसामातून नोकरीसाठी आलेल्या मंडळींना कोहळा घालून शिजवलेल्या बदकाची आठवण येते. शहराभोवतीच्या गावांत तळ्याच्या काठी पाच-पन्नास बदके पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली संधी आहे. परंतु ग्राहकाचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: साफ करून मिळेल का? बहुतेक व्यवहार या प्रश्नाशी येऊन अडतात. कोंबडी काही मिनिटांत साफ करणारा दुकानदार बदक हाती घेण्यास नाखूश असतो. घेतलेच, तर पिसांचा त्रास नको म्हणून कातडीच सोलून काढतो. बदकाची चव त्याच्या कातडीत आणि तिच्या खालच्या चरबीच्या थरात असते. ती काढून टाकल्यावर ग्राहकाच्या हाती उरते ते गडद रंगाचे, कोरडे मांस, आणि असा ग्राहक पुढच्या वर्षी फिरकत नाही.

बदकपालनाविषयी मराठीत जी माहिती उपलब्ध आहे ती जाती, खाद्य, निवारा आणि लसीकरण यांपाशी थांबते. पक्षी तयार झाल्यानंतरच्या दोन तासांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक नफा आणि नुकसान यांचा निकाल त्याच दोन तासांत लागतो. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

रानपक्षी आणि पाळीव पक्षी

आरंभी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. युरोप-अमेरिकेत शिकार केलेले रानबदक जागेवरच साफ करण्याचे स्वतंत्र तंत्र विकसित झाले आहे. त्यासाठी लागणाऱ्या आतडी ओढण्याच्या आकड्या, पंख कापण्याच्या कात्र्या आणि घडीच्या सुऱ्या आता आपल्याकडेही ऑनलाईन विकत मिळतात. अवजारे मिळतात, म्हणून शिकारीला मुभा आहे असे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्षी पकडणे, त्याला सापळ्यात अडकवणे, इतकेच नव्हे तर त्याची अंडी उचलणे किंवा घरटे विस्कटणे हेही येते. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कमही वाढवली आहे. हिवाळ्यात तळ्यावर उतरणारा थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, किंवा बारमाही दिसणारे हळदी-कुंकू बदक यांपैकी कोणालाही हात लावता येत नाही. तितर आणि रानातला लावा यांनाही हेच लागू आहे.

पूर्वी असे नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ससाण्याकरवी पक्ष्यांची शिकार करण्याचा राजेशाही विनोद सविस्तर वर्णिलेला आहे, आणि मांस शिजवण्याच्या कृतीही आहेत. महाराष्ट्रात फासेपारधी समाजाचे आणि कर्नाटकात हक्की-पिक्की समाजाचे फाशांचे कौशल्य प्रसिद्ध होते. ‘हक्की’ म्हणजे कन्नडमध्ये पक्षी. या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान कायद्यानंतर निरुपयोगी ठरले, परंतु त्याच्या बदल्यात त्यांना पुरेसे पर्यायी काम मिळाले असे म्हणता येणार नाही. पक्षी हाताळण्याची, स्वच्छ करण्याची ज्यांच्या हाताला सवय आहे अशा कुटुंबांना पाळीव बदक आणि जपानी लाव्याच्या व्यवसायात आणण्याचा विचार विस्तार कार्यकर्त्यांनी अवश्य करावा, असे आम्हांला वाटते.

पाळीव पक्ष्यांचे पर्याय कमी नाहीत. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे केंद्रीय कुक्कुट विकास संघटना आणि तिची प्रशिक्षण संस्था आहे. पूर्वीचे केंद्रीय बदक पैदास प्रक्षेत्रही हेसरघट्ट्यालाच होते. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल आणि मांसासाठी व्हाईट पेकिन किंवा मूळची व्हिएतनाममधील व्हिगोव्हा सुपर-एम या जातींची नावे दक्षिणेतील शेतकऱ्यांना परिचित झाली, त्यात या प्रक्षेत्राचा मोठा वाटा आहे. व्हाईट पेकिन आपल्याकडील व्यवस्थापनात ४२ दिवसांत साधारण २.२ ते २.५ किलो वजन गाठते. जपानी लावा पाच आठवड्यांत विक्रीयोग्य होतो. टर्की आणि गिनी फाउल हेही आहेत. त्यांची सफाई बरीचशी कोंबडीसारखीच असल्याने त्यांचा विस्तार येथे करत नाही.

बदकच अवघड का

बदक हा पाण्यातला पक्षी. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीतील तेल चोचीने घेऊन ते अंगभर चोळते. वरच्या पिसांवरून पाणी ओघळून जाते आणि त्यांच्या खाली मऊ लव असते, जी हवा धरून ठेवते. कोंबडीच्या पिसांत गरम पाणी सहज शिरते. बदकाच्या अंगावर ते कातडीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून दुकानदार पाणी अधिक तापवतो, वरची कातडी भाजून निघते, आणि पिसे उपटताना तिचे तुकडे सुटतात.

दुसरी अडचण वयाची. बदकाची पिसे टप्प्याटप्प्याने येतात. पेकिनच्या बाबतीत सुमारे सातव्या आठवड्यात पहिला पिसारा पूर्ण होतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नव्या पिसांचे कोंब फुटू लागतात. हे कोंब सुईसारखे कातडीत रुतलेले असतात, बोटांत सापडत नाहीत आणि तुटल्यावर काळपट डाग सोडतात. सातवा आठवडा हुकला तर बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत थांबावे लागते, आणि तोवरचे खाद्य अंगावर पडते. म्हणून तारखेचा हिशेब पिल्ले आणतानाच करावा. २२ डिसेंबरला बदके साफ करून द्यायची असतील तर सात आठवडे मागे मोजावे. एक दिवसाची पिल्ले ३ नोव्हेंबरच्या सुमारास आपल्या शेडमध्ये असली पाहिजेत. तरीही कत्तलीपूर्वी छातीवरची आणि मानेवरची पिसे उलट्या दिशेने फिरवून पाहावीत. कातडीत निळसर टोके दिसली तर त्या पक्ष्याला थांबवणे शहाणपणाचे.

साधने

महागड्या यंत्राने सुरुवात करण्याची गरज नाही. पत्र्याचा, नरसाळ्यासारखा शंकू ही पहिली वस्तू. बदक त्यात डोके खाली करून ठेवले की पंख फडफडत नाहीत, मांसावर रक्त साकळण्याचे डाग पडत नाहीत आणि कामगाराच्या अंगावर शिंतोडे उडत नाहीत. कोंबडीचा शंकू बदकाला अरुंद होतो, त्यामुळे खालचे तोंड मान सहज बाहेर येईल इतके आणि वरचे तोंड ऐसपैस असावे. दोन सुऱ्या हव्यात: एक कत्तलीसाठी, दुसरी पोट उघडण्यासाठी. त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मुठींना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावलेली बरी. धार लावण्याचा दगड जवळ असावा. सुऱ्या मधूनमधून ८२ अंश सेल्सिअस किंवा अधिक गरम पाण्यात बुडवाव्यात. याशिवाय मजबूत कात्री, बोथट टोकाचा चिमटा, फुप्फुसे खरवडण्यासाठी लांब दांड्याचा चमचा, स्टीलचे टेबल किंवा गुळगुळीत फरशीचा ओटा, आणि तापमापक.

तापमापकाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सर्वाधिक पक्षी त्याच्या अभावी बिघडतात. ‘हाताला सोसेल न सोसेल इतके गरम’ हे माप प्रत्येक हाताचे वेगळे असते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते. २५ अंशांचे साधे पाणी आणि उकळते पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर मिश्रण ६१ अंशांच्या जवळ येते. डिसेंबरच्या पहाटे टाकीतले पाणी १८-२० अंशांवर असते, आणि तेच प्रमाण ५८ च्या आसपास जाते. भांडे स्वतःही उष्णता घेते, ते वेगळेच. तीन अंशांचा हा फरक कामाचा सारा वेग बदलतो. अंदाज म्हणून निम्मे-निम्मे ठीक आहे. निर्णय तापमापकावर सोपवावा.

कत्तल आणि पिसे

आदल्या रात्रीपासून आठ-दहा तास खाद्य बंद ठेवावे, पाणी मात्र चालू असावे. भरलेली आतडी फाटली की मांस दूषित होते. उपाशी ठेवण्याचा काळ फार लांबला तर आतडी उलट नाजूक होतात, हेही ध्यानात असावे. औषधे दिली असल्यास लेबलवरील प्रतीक्षा-काळ पूर्ण झाल्याशिवाय पक्षी कत्तलीस घेऊ नये. बदक पायांनी उचलू नये. त्याचे पाय कोंबडीसारखे भक्कम नसतात आणि सांधा निखळतो. मानेच्या मुळाशी हलके धरून दुसऱ्या हाताने शरीराखाली आधार द्यावा. मंद उजेडात पक्षी शांत राहतात, म्हणून हे काम पहाटे उरकणे सोयीचे.

धार्मिक प्रघातानुसार कत्तलीची पद्धत वेगवेगळी असू शकते, आणि मोठ्या केंद्रांत आधी विजेने बधिर करण्याची सोय असते. पद्धत कोणतीही असो, सुरी अत्यंत धारदार, घाव एकच, आणि इतर पक्ष्यांच्या दृष्टीआड. रक्त पूर्ण निथळण्यास दोन ते तीन मिनिटे द्यावीत. घाईने बदक पाण्यात टाकले की कातडी लालसर राहते.

आता गरम पाणी. कोंबडीसाठी पुरणारे तापमान बदकाला पुरत नाही. ६० ते ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दोन ते तीन मिनिटे ठेवावे. कोवळ्या पक्ष्याला खालची मर्यादा, जून पक्ष्याला वरची. पाण्यात नुसते बुडवून ठेवणे व्यर्थ आहे. पाय धरून वर-खाली करावे आणि लांब काठीने किंवा हातमोजा घातलेल्या हाताने पिसे उलट्या दिशेने चोळत राहावे, म्हणजे पाणी लवेच्या खाली शिरते. काही जण पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकतात. त्याने तेल सुटते हे खरे. पण विकण्याच्या मांसावर साबणाचा अंश राहण्याचा धोका असल्याने आम्ही त्याची शिफारस करत नाही. छातीचे आणि शेपटीचे पीस विनासायास निघू लागले की पक्षी बाहेर काढावा. दोन-तीन पक्ष्यांनंतर पाणी थंडावते आणि घाणही होते. तापमान पुन्हा पाहावे, गढूळ पाणी बदलावे.

जपानी लाव्याला हेच पाणी लावले तर त्याची कातडी हातात येते. त्याला सुमारे ५३ अंशांवर अर्धा ते एक मिनिट पुरते. लावा इतका छोटा की बोटांनीच पिसे झटकन निघतात.

मोठी पिसे आधी, पंखांची आणि शेपटीची, मग छाती आणि पाठ. रबरी बोटांचे फिरते पिंप असेल तर श्रम वाचतात, परंतु बदकाची लव त्यातूनही पुरी निघत नाही. तेथे मेण कामास येते. अन्नासाठी सुरक्षित असे प्रमाणित मेणच घ्यावे. रंगीत, सुगंधी मेणबत्त्या वितळवणे सर्वथा टाळावे. मेण थेट जाळावर ठेवू नये. ते पेट घेते, आणि त्यावर पाणी टाकल्यास भडका उडतो. मोठ्या पातेल्यातील गरम पाण्यात मेणाचे भांडे ठेवून ते वितळवावे. मोठी पिसे काढलेला पक्षी आधी पुसून कोरडा करावा, ओल्या अंगाला मेण धरत नाही. मग मान आणि पाय हातात धरून मेणात बुडवावा, थंड पाण्यात धरावा, पुन्हा एकदा मेणात आणि पुन्हा थंड पाण्यात. जाडसर कवच तयार होते. ते तडकवून पट्ट्यांनी ओढले की लव आणि बरेचसे कोंब त्याबरोबर निघतात. वापरलेले मेण वितळवून, गाळून पुन्हा वापरता येते. खेड्यांत राहिलेली लव पेंढ्याच्या जाळावर धरून जाळतात. घरच्या जेवणाला ते चालते, पण धुराचा वास आणि काजळी शहरी ग्राहकाला रुचत नाही. गॅसच्या बत्तीची निळी ज्योत अंगावरून झरकन फिरवली तर तो दोष येत नाही.

निघालेली पांढरी लव फेकून देण्याजोगी नाही. धुऊन, उन्हात जाळीदार पिशवीत वाळवली तर उशा-रजयांसाठी तिला गिऱ्हाईक असते. मेण लागलेली लव मात्र वायाच जाते, म्हणून जी हाताने निघते ती आधीच वेगळी करावी.

पोट उघडताना

पाय घोट्याच्या सांध्यातून, हाडावर न मारता कापावेत. शेपटीच्या वर, पिवळसर दोन पाळ्यांची तेलग्रंथी दिसते. ती मणक्यापर्यंत खोल कापून समूळ काढावी. ती राहिली तर शिजताना मांसाला उग्र दर्प येतो, आणि ‘बदकाला वास येतो’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या तक्रारीचे एक मोठे कारण हीच ग्रंथी आहे.

मानेच्या मागच्या बाजूने कातडी चिरून श्वासनलिका आणि अन्ननलिका सैल करावी. कोंबडीसारखी स्पष्ट अन्नपिशवी बदकाला नसते. अन्ननलिकाच मध्ये थोडी फुगीर असते, त्यामुळे नवशिका ती शोधत बसतो. नर बदकात आणखी एक गंमत आढळते. श्वासनलिका जेथे दुभागते तेथे डाव्या बाजूस हाडासारखी टणक, पोकळ गाठ असते. ती रोगाची गाठ समजून पक्षी फेकून देण्याचे कारण नाही. नराच्या आवाजयंत्राचा तो स्वाभाविक भाग आहे.

त्यानंतर गुदद्वाराभोवती गोल छेद घ्यावा, आतड्याला सुरी लागू न देता. त्या छेदातून पोटात हात घालून, हाताची पाठ छातीच्या हाडाकडे ठेवत, वरपर्यंत न्यावा आणि पेटा पकडून सारे एकदम बाहेर ओढावे. बदकाचा पेटा मोठा आणि घट्ट असतो, त्यामुळे पकड चांगली बसते. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. फुटलीच तर पित्त लागलेला भाग कापून टाकावा, कारण धुण्याने कडवटपणा जात नाही. फुप्फुसे बरगड्यांत रुतलेली असतात, ती चमच्याने खरवडावीत. पोटातली चरबी काढून वेगळी ठेवावी. वितळवल्यावर ती स्वयंपाकाला उत्तम लागते. कलेजीवर पांढरे ठिपके, पोटात पाणी, किंवा आतड्यांवर रक्ताचे डाग दिसले तर तो पक्षी बाजूला ठेवून पशुवैद्यकाला दाखवावा. तो स्वतः खाऊन पाहण्याचा प्रयोग करू नये.

बर्फ आधी, सुरी नंतर

पाश्चात्त्य शिकाऱ्यांमध्ये पक्षी काही दिवस थंड जागी टांगून ठेवण्याची प्रथा होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. ती तेथील हवेची प्रथा होय. आपल्या हवामानात तासाभरातच जंतू झपाट्याने वाढू लागतात. साफ केलेला पक्षी चार तासांच्या आत ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड झाला पाहिजे. त्यासाठी मांसाच्या वजनाइतका बर्फ हाताशी असावा आणि तो पिण्यायोग्य पाण्याचा असावा. मासळीबाजारातील उरलासुरला बर्फ नव्हे. बर्फाच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून, निथळून, पिशवीत बंद करून थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या थरांमध्ये रचावे. बर्फ आणण्याआधी कत्तल सुरू करू नये. बाजारात जाऊन बर्फ मिळाला नाही, म्हणून दुपारपर्यंत उघड्यावर पडलेले मांस वाचवण्याचा कोणताही उपाय नाही.

शिजवण्यापूर्वी मांस थंड अवस्थेत एक रात्र ठेवले तर ते मऊ होते. गोठवायचे असल्यास त्यानंतर, उणे १८ अंशांवर.

बर्ड फ्लूचा धोका

हेसरघट्ट्याचेच उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेथील केंद्रीय प्रक्षेत्रावर टर्की दगावू लागल्या, भोपाळच्या प्रयोगशाळेत एच५एन१ विषाणूचे निदान झाले आणि प्रक्षेत्रावरील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. महाराष्ट्राला हा अनुभव फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आला होता. २०१४ च्या नोव्हेंबरात केरळमधील आलप्पुळा आणि कोट्टयम भागांतील बदकपालकांना त्याची मोठी झळ बसली. कोंबडी या विषाणूने लवकर मरते, त्यामुळे धोका लगेच कळतो. बदक कित्येकदा वरून निरोगी दिसते आणि विष्ठेतून, लाळेतून विषाणू पसरवत राहते. रक्त, पिसे आणि आतडी यांच्याशी माणसाचा सर्वांत निकटचा संबंध सफाईच्या वेळीच येतो. म्हणून मास्क, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, रबरी बूट आणि कामानंतर साबणाने अंघोळ हे नियम पंचतारांकित केंद्रांपुरते मर्यादित नाहीत.

आपोआप मेलेला पक्षी कधीही साफ करू नये, त्याचा भाव कितीही मिळो. तळ्याकाठी मेलेले रानबदक सापडले तर ते उचलून घरी आणणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्या कळपाला रोगाचे थेट आमंत्रण आहे. पक्षी एकाएकी मरू लागले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार असे कळवणे पक्षिपालकाचे कर्तव्य आहे. निरोगी कळपातील मांस ७० अंशांपेक्षा अधिक तापमानावर आतपर्यंत शिजवले तर हा विषाणू टिकत नाही. तेव्हा शिजलेल्या मांसाबद्दल अफवा पसरवण्याचेही कारण नाही.

आतडी, रक्त आणि मेण लागलेली पिसे तळ्यात, ओढ्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकू नयेत. पाणवठ्यापासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. सफाईची जागा बदकांच्या शेडपासून वेगळी असावी आणि सांडपाण्याचा उतार शेडच्या विरुद्ध दिशेला.

नोंदणी

विक्रीसाठी दिवसाला ५० किंवा त्याहून कमी पक्षी कापणाऱ्याला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरते. ५० च्या वर १,००० पर्यंत राज्याचा परवाना, त्यापुढे केंद्रीय. परवान्यांविषयीच्या २०११ च्या नियमावलीतील चौथ्या अनुसूचीत मांस व्यवसायासाठी स्वच्छतेच्या अटी दिलेल्या आहेत. अर्ज करण्यापूर्वी त्या वाचल्या तर ओट्याचा उतार, पाण्याची सोय आणि माश्यांची जाळी यांवर दुबार खर्च होत नाही. स्थानिक ग्रामपंचायतीचे किंवा महापालिकेचे नियम निराळे असतात, तेही पाहावेत.

पहिल्या खेपेस ऑर्डर घेऊन वीस बदके एकदम कापायला बसू नये. दोनच पक्षी घ्यावेत. पाण्याचे तापमान, बुडवण्याची मिनिटे, जिवंत वजन, साफ केल्यावरचे वजन आणि एका पक्ष्याला लागलेला वेळ वहीत उतरवावा. वेळेचा हा आकडा हाती आला म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी किती ऑर्डरी स्वीकारायच्या आणि किती हात लागतील हे ठरवता येते. सफाईची मजुरी दरात धरायला बहुतेक जण विसरतात. वहीतल्या त्याच आकड्यावरून तीही काढावी.